तीन नंबरची डिस्क

सोलापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळते. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून ते सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडे. माझ्या हाताखाली कुणी नाही आणि वर थेट मोठे डॉक्टर. पेशंट आणि नर्स मला सिस्टीमवाल्या ताई म्हणतात. ही गोष्ट एका मंगळवारची आहे. त्याआधी मी तिथे सहा वर्षं काढली होती आणि मला माझं काम येतं अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्याकडे पेशंटना शेक देतात. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात, खेड्यातली माणसं शेक किंवा लाईट म्हणतात. प्रत्येक पेशंटचा एक प्लॅन असतो. गाठ कुठे आहे, किरण कुठल्या बाजूने सोडायचे, किती सोडायचे, बाजूचं काय काय वाचवायचं, हे सगळं त्याच्या सीटी स्कॅनच्या चित्रांवर बसवलेलं असतं. तो प्लॅन करायला आमच्या फिजिक्सच्या मॅडमना दोन-तीन दिवस लागतात. मग पेशंट रोज येतो, मशीन तो प्लॅन उघडतं आणि तेवढाच, तसाच शेक देतं. प्लॅन उघडला नाही तर मशीन सुरूच होत नाही.

हे सगळे प्लॅन सर्व्हरच्या खोलीतल्या एका डब्यात होते. डबा म्हणजे काळी पेटी, तिच्यात शेजारी शेजारी उभ्या लावलेल्या सहा हार्डडिस्क. ती आली तेव्हा मॅडम खूश झाल्या होत्या. आधीच्या मशीनमध्ये एकच डिस्क होती आणि एक सीटी उघडेपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा. आता क्लिक केलं की चित्र समोर.

असं का होतं ते मला पॉलिटेक्निकमध्ये आमच्या सरांनी शिकवलं होतं. एका बाईला शंभर भाकरी थापायला बसवलं तर दुपार होईल, पाच चुली मांडून पाच बायका बसवल्या तर पंगत वेळेवर उठेल, असं ते म्हणायचे. माहितीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतात आणि सगळ्या डिस्क एकाच वेळी आपापला तुकडा वाचून देतात. मग त्यांनी फळ्यावर पाच आकडे लिहिले आणि खाली बेरीज मांडली. डस्टरने एक आकडा पुसला आणि विचारलं, कोणता होता? बेरजेतून बाकीचे वजा करून सगळ्या वर्गाने सांगितला. सर म्हणाले, सहावी डिस्क या बेरजेसाठी. बेरीज ठेवायचं काम सगळ्या डिस्क आळीपाळीने करतात, पण हिशेब हाच. एक डिस्क मेली तरी उरलेल्या पाच मिळून तिच्यातलं सगळं पुन्हा सांगू शकतात. मग त्यांनी आणखी एक आकडा पुसला, आता दोन जागा रिकाम्या होत्या, आणि काही न बोलता खडू टेबलावर ठेवला.

त्या मंगळवारी साडेआठला मी आले तेव्हा खोलीच्या दाराबाहेरच आवाज येत होता. टूं... टूं... थांबून थांबून. आत स्क्रीनवर ओळ होती: डिस्क ३ निकामी.

खरं सांगायचं तर तेव्हा मी घाबरले नाही. उलट जरा बरंच वाटलं. आता मला करता येईल असं काहीतरी होतं. नवी डिस्क कपाटात तयार होती. जुनी ओढायची, नवी सरकवायची, बाकीचं डबा स्वतःच करतो, पेशंटना पत्ताही लागत नाही. त्याचसाठी तर तो घेतला होता. डब्याला चालू असतानाच डिस्क बदलता येतात हे मी मोठ्या डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

बाहेर बाकावर माणसं जमायला लागली होती. जेऊरची एक मावशी रोज रेल्वेने यायची, तिचा नंबर लवकर लागावा म्हणून नर्सची धावपळ चालली होती. पहिला पेशंट आत गेला होता. मला हे सगळं दहा मिनिटांत संपवून चहा घ्यायचा होता.

मी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या डिस्कवर पिवळा दिवा लुकलुकत होता. बाकीच्यांवर हिरवे. फक्त चौथीवर काहीच नव्हतं. तो दिवा विझलेला मी पाहिला होता. नीट पाहिला होता. मला वाटलं, दिवाच गेला असेल.

तिसऱ्या डिस्कची कडी दाबली आणि ती बाहेर ओढली.

आवाज बदलला. थांबून थांबून येणारं टूं टूं बंद झालं आणि एकच सलग आवाज सुरू झाला. डब्यात कायम एक बारीक खरखर असते, कान सरावलेले असल्यामुळे ती कधी जाणवत नाही. ती थांबली तेव्हा जाणवली. स्क्रीनवर लाल ओळी भराभर वर सरकू लागल्या. मला त्या वाचता येत होत्या, पण त्यांचा अर्थ डोक्यात शिरत नव्हता. हातातली डिस्क कोमट होती. चालू असलेल्या डिस्कसारखी कोमट.

मी ती पुन्हा खणात ढकलली. काय करतेय याचा विचारही केला नाही, दार चुकून उघडलं तर लावून घ्यावं तशी ढकलली. आवाज थांबला नाही.

शेक देणारा टेक्निशियन दारात आला. म्हणाला, "ताई, लिस्ट गेली. पेशंट टेबलवर आहे, प्लॅन उघडत नाही."

"काढा त्यांना," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

सर्व्हरच्या खोलीच्या दाराला एक छोटी काच आहे. तिच्यातून समोरची शेकाची खोली दिसते. टेबलावर अकलूजकडचे एक गृहस्थ होते. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारे, घशाचा कॅन्सर. मानेला आणि चेहऱ्याला शेक देताना पेशंट जराही हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क करतात आणि तो टेबलाला खिळवून ठेवतात. तो मास्क घालून ते पडले होते आणि काहीच सुरू होत नव्हतं. टेक्निशियनने चाप उघडले, मास्क काढला. त्यांच्या गालांवर जाळीचे चौकोन उठले होते. ते उठून बसले आणि काचेकडे, म्हणजे माझ्याकडे पाहू लागले. त्यांनी बहुधा मला पाहिलंही नसेल. मी मागे सरकले.

स्क्रीनवर आता प्रश्न होता. परकी डिस्क सापडली आहे, तिच्यावरची मांडणी घ्यायची की पुसायची? मी परत ढकललेली डिस्क डब्याला ओळखू येत नव्हती. मांडणी म्हणजे कुठल्या डिस्कवर कुठला तुकडा आहे याची नोंद. दोन पर्याय, एकाखाली एक. माझं बोट बटणावर होतं आणि मला आठवेना की यातला कुठला बरोबर. चुकीचं दाबलं तर काय होईल ते मात्र लख्ख आठवत होतं. मी बोट उचललं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी तक्रार नंबर दिला आणि चोवीस तासांत इंजिनिअर संपर्क करेल असं सांगितलं. मग मी सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन माढ्याजवळ शेतावर राहतात. वर्ष-दीड वर्षात आमचं बोलणं झालं नव्हतं.

"सर, माझ्याकडून डिस्क काढली गेली."

त्यांनी नमस्कार-चमत्कार काही विचारलं नाही. "कुठली?"

"तीन नंबर निकामी दाखवत होतं. तिसरीवर पिवळा दिवा होता, मी ती काढली."

"दिवा कुठल्या डिस्कचा विझलाय?"

"चौथीचा."

मागे पंपाचा आवाज येत होता. तो बंद झाला, त्यांनी बंद केला असावा. "मोजणी शून्यापासून असते," ते म्हणाले. "शून्य, एक, दोन, तीन. मेलेली चौथी होती. तू जिवंत काढलीस."

"हो सर."

"हे मी शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं."

"मग आता रडू नको. खुर्ची आहे का तिथं? बस. दोन्ही हात मांडीवर ठेव आणि मी सांगेपर्यंत उचलू नको."

मी बसले. हात मांडीवर ठेवले.

"बॅकअप कधीचा आहे?"

रोज संध्याकाळी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जायची, म्हणजे जायला हवी होती. मी पाहिलं. शेवटची प्रत चौतीस दिवसांपूर्वीची होती. ती डिस्क भरली होती. भरल्याचे मेल रोज येत होते, माझ्याच नावावर, आणि मी ते उघडत नव्हते. तसल्या मेलचा नेहमीच ढीग असतो.

मी सरांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "सहा डिस्कचा डबा आहे, आता काय होतंय, असं वाटलं ना? बाई, तो डबा डिस्क मेली तर वाचवतो. आपल्या हातापासून नाही वाचवत."

चौतीस दिवसांत जे पेशंट सुरू झाले होते त्यांचे प्लॅन फक्त या डब्यात होते. जे आधीपासून चालू होते त्यांचेही मधले बदल, रोज किती शेक झाले त्याची नोंद, सगळं इथेच.

"मोठ्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"आधी जा आणि सांग. फोन चालू ठेव. कुणाला कशाला हात लावू देऊ नको."

खोलीला कुलूप लावून मी निघाले. डॉक्टरांची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि दोन्ही बाजूंना बाकं. मी रोज तिथून हसत जाते. त्या दिवशी मला फक्त खालच्या फरश्या दिसत होत्या. कुणीतरी विचारलं, "ताई, मशीन कवा चालू हुनार?" मी तशीच पुढे गेले. उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं असतं तर दुसरंच काहीतरी बाहेर आलं असतं.

फिजिक्सच्या मॅडम आधीच डॉक्टरांसमोर उभ्या होत्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"डिस्क गेली," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. डिस्क गेलीच होती. डॉक्टरांनी मान हलवली, जणू यंत्र आहे, जाणारच. तिथेच थांबले असते तर चाललं असतं. मॅडम कंपनीला शिव्या देणार होत्या, त्यांचं तोंड उघडलंही होतं. पुढचं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला माहीत नाही.

"एक गेली होती. ती बदलताना मी चुकून दुसरी चांगली काढली. त्यामुळे सगळं बंद पडलं. बॅकअप चौतीस दिवस झालेला नाही. तोही माझ्यामुळेच."

मॅडम खाली बसल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पेशंटला काही इजा?"

"नाही. मशीन सुरूच झालं नव्हतं."

"परत येईल सगळं?"

"माहीत नाही."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चाळीसच्या वर पेशंट आहेत. सगळ्यांचे प्लॅन नव्याने करायचे तर महिना जाईल. तोवर गाठी थांबणार आहेत का?" त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टर उठले. "मी बाहेर लोकांना सांगतो की आज शेक होणार नाहीत. तुम्ही दोघी तिकडे जा." दारातून वळून मला म्हणाले, "जे करशील ते आधी यांना मोठ्याने सांगायचं, मग करायचं."

तसंच केलं. फोन स्पीकरवर ठेवला. सरांनी डबा बंद करायला लावला, पुन्हा सुरू करायला लावला. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मी अक्षर अक्षर वाचून दाखवत होते आणि शेजारी बसलेल्या मॅडम तीच ओळ पुन्हा वाचत होत्या. पुन्हा तो प्रश्न आला. घ्यायची की पुसायची.

"वरचा पर्याय काय आहे?"

"मांडणी घ्या."

"खालचा?"

"पुसा."

"वरच्यावर आहेस ना? मॅडम, ती वरच्यावर आहे का?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"दाब."

मी दाबलं. स्क्रीन काळी झाली. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग एकेक करून डिस्क मोजल्या गेल्या. शून्य, एक, दोन, चार, पाच. तीन नाही. खरखर परत सुरू झाली. सहापैकी पाच. डबा लंगडत का होईना, उभा राहिला.

मी नवी डिस्क उचलली. ती मेलेल्या डिस्कच्या जागी घातली की झालं असं मला वाटत होतं.

"थांब," सर म्हणाले. "तिसऱ्या डिस्कवर पिवळा दिवा का होता?"

मी विसरलेच होते. मी ओढली होती ती डिस्क चालू होती, पण आजारी होती. पिवळा दिवा म्हणजे तिने दिलेली सूचना होती, मी लवकरच जाणार म्हणून. नवी डिस्क घातली की बाकीच्या पाचही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, तेव्हा कुठे सहावीचं सगळं पुन्हा लिहिलं जातं. तासन् तास चालणारं काम. त्या ओझ्याखाली आजारी डिस्क मेली तर मग काहीच उरणार नव्हतं.

"आधी माणसं बाहेर काढ," सर म्हणाले, "भिंत मग बांधू. डब्याबाहेरच्या एखाद्या डिस्कवर कॉपी करायला घे. सगळं एकदम नको. ज्यांची जास्त गरज त्यांचं आधी. मी एसटीने निघतोय."

मी मॅडमना विचारलं, कुणापासून? त्यांनी वही उघडली. "ज्यांना खंड पडून चालत नाही त्यांच्यापासून. घसा, तोंड, गर्भाशय." त्या नंबर वाचत गेल्या आणि मी कॉपी करत गेले. एकेका पेशंटला पाच-सात मिनिटं. पट्टी भरत जाते, शेवटाला पोचते, मॅडम वहीत खूण करतात, पुढचा नंबर. माझे डोळे पट्टीवर होते आणि कान डब्याकडे. खरखरीत जरा वेगळा आवाज आला की माझा माऊसवरचा हात थांबायचा. मॅडमही प्रत्येक वेळी पेन थांबवायच्या.

दहा पेशंट झाले. अकरावा नंबर अडकला.

पट्टी अर्ध्यावर थांबली आणि डब्यातून टक असा आवाज आला. पुन्हा टक. बोटाने टेबलावर वाजवावं तसा. मी नंबर वाचला. अकलूजच्या गृहस्थांचा होता.

सर एसटीत होते, फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. "सोड त्याला," ते म्हणाले, "पुढचा घे."

"सर, हे सकाळी टेबलवर होते तेच."

"सोड म्हणतोय ना. त्याच्या मागं लागशील तर ती डिस्क मरेल आणि बाकीचे तीस जातील."

मी कॉपी थांबवली. पुढचा नंबर घेतला. आयुष्यात मी काही फार मोठे निर्णय घेतलेले नाहीत. पण एका माणसाला अर्ध्यावर सोडून पुढे जाणं, तेही माऊसच्या एका क्लिकने, हे मला अजून झोपेत दिसतं.

तीनच्या सुमारास सर आले. पायात शेतातल्याच धुळीच्या चपला, हातात कापडी पिशवी. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तूच कर." साडेचारपर्यंत बाकी सगळे पेशंट बाहेर निघाले. मग आम्ही अकराव्याकडे परत आलो. दोनदा तिथेच अडकलं. तिसऱ्यांदा सरांनी वेगळ्या पद्धतीने, वाचता येईल तेवढं वाच आणि बाकीचं सोड असं सांगून करवून घेतलं. शेकांची नोंद मिळाली. प्लॅनची फाईल आणि सीटीची बरीच चित्रं मिळाली नाहीत.

मॅडमनी विचारलं, "एवढ्या डिस्क असून एक चित्र का भरून काढता येत नाही?"

सर म्हणाले, "एरवी आलं असतं. एका डिस्कवरची जागा खराब झाली तर बाकीच्यांच्या बेरजेतून भरता येते. पण एक डिस्क आधीच गेलेली. ज्या ठिकाणी ती नाही आणि हीसुद्धा वाचता येत नाही, तिथं दोन आकडे पुसलेले आहेत."

ते गृहस्थ आणि त्यांची बायको जवळच्या धर्मशाळेत उतरले होते. डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. मला म्हणाले, "मी सांगतो. तू आली नाहीस तरी चालेल." मी गेले. मोठेपणा म्हणून नाही. न जाता काचेआडून पाहत बसले असते तर ते मला जास्त भीतीचं वाटलं.

त्यांचा घसा शेकांनी सोलला गेला होता, त्यामुळे बायकोच बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलं की उद्या पुन्हा सीटी करावी लागेल, मास्क नव्याने करू, प्लॅन नव्याने होईल, दोन-तीन दिवस शेक होणार नाहीत.

"का वो?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटरमधली माहिती खराब झाली."

"माझ्याकडून झाली," मी म्हणाले. "मी चुकीची डिस्क काढली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्याच वयाची असेल. "तुमाला म्हाईत नव्हतं कुटली काढायची ती?"

"माहीत होतं. घाईत मोजलं."

"घाई कशाची हुती?"

चहा घ्यायचा होता, हे खरं उत्तर होतं.

गृहस्थांनी तिच्या हातावर हात ठेवला. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द गिळत, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "माजे सतरा झाल्यात. ते धरायचे का पुना एकपास्नं?"

मी सकाळपासून प्लॅन, डिस्क, फायली यांना घाबरत होते. हा माणूस दुपारभर धर्मशाळेत बसून वेगळ्याच गोष्टीला घाबरत होता. ते सतरा शेक त्याने कसे काढले होते ते त्याच्या गळ्याच्या काळ्या पडलेल्या कातडीवर दिसत होतं.

"सतरा झालेच," डॉक्टर म्हणाले. "ते कुणी परत घेत नाही. नवीन प्लॅनवर अठरावा देऊ. मधले दिवस बुडाले ते कसे भरून काढायचे ते आम्ही बघतो."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. बायको मात्र माझ्यावरून नजर काढायला तयार नव्हती. "शेक सुरू हुतील त्या दिवशी तुमी हितंच थांबा," ती म्हणाली. "आमच्या म्होरं. सगळं बराबर हाय म्हनून तुमी सांगायचं."

मी हो म्हणाले.

संध्याकाळी सरांसमोर मेलेली डिस्क काढली. काढण्याआधी तीनदा मोजलं, शून्यापासून, मोठ्याने. नवी घातली आणि आकडा वाढू लागला. एक टक्का व्हायला इतका वेळ लागला की सर म्हणाले, आता बघत बसून काही होणार नाही, घरी जा. घरी आईने ताट वाढलं. दोन घास खाऊन मी ताट सरकवलं. तिने विचारलं, काम गेलं का? मी म्हटलं, अजून नाही.

बुधवारी सकाळपासून कॉपी केलेल्या प्लॅनवर बाकीच्यांचे शेक सुरू झाले. दुपारी डब्यातलं भरण्याचं काम पुरं झालं. आजारी डिस्कने तेवढा वेळ तग धरला. लगेच तिच्या जागीही नवी घालून घेतली, आणि ते भरणंही मी खुर्चीच्या काठावर बसून पाहिलं. डॉक्टरांनी मला काढलं नाही. झालेलं सगळं वेळेसकट लिहून द्यायला सांगितलं आणि तो कागद फाईलला लावला. आता आमच्याकडे प्रत्येक डिस्कच्या खाली शून्य ते पाच अशा चिठ्ठ्या आहेत. बॅकअपची प्रत रोज खरंच उघडून पाहायची, आणि ती पाहिल्याची सही माझ्याबरोबर मॅडमही करतात.

शुक्रवारी अकलूजच्या गृहस्थांचा अठरावा शेक होता. त्यांच्या बायकोने सांगितलं होतं म्हणून मी कंट्रोलरूममध्ये तिच्या शेजारी उभी राहिले. नव्या मास्कचे चाप लावताना त्यांनी टेबलाच्या कडा धरल्या होत्या. मॅडमनी प्लॅन उघडला, मोजमापं तपासली, पुन्हा तपासली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला त्यातलं किरणांचं काही कळत नाही. फाईल शाबूत आहे आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी आहेत, एवढं मी सांगू शकत होते, तेच सांगितलं. मशीन फिरायला लागलं. तेवढी मिनिटं ती आणि मी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो, आणि तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. माझे हात मी पाठीमागे धरले होते.

त्यांचे सगळे तेहतीस शेक पुरे झाले. त्यानंतर दर तपासणीच्या यादीत त्यांचा नंबर दिसला की रिपोर्ट येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. गाठ परत आली तर ती त्या तीन दिवसांमुळे आली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि त्यांच्यामुळे आली नाही असंही कुणी सांगू शकणार नाही. मॅडमना मी हे एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, खंड भरून काढलाय, फार विचार करू नकोस. करू नकोस म्हणाल्या, घडणार नाही असं म्हणाल्या नाहीत.

मागच्या खेपेला ते आले तेव्हा रिपोर्ट चांगला होता. त्यांचा आवाजही बराच सुधारला होता. मी कॉरिडॉरमधून घाईने चालले होते, त्यांच्या बायकोने मला थांबवलं.

"अजून तुमीच हाय का तितं?" तिने सर्व्हरच्या खोलीकडे मान करून विचारलं.

"मीच आहे."

"बरं," ती म्हणाली. त्या बरं-मध्ये काय होतं ते मला ओळखता आलं नाही. मग तिने सोनोग्राफीची खोली कुठे हलवली ते विचारलं, आणि मी त्या दोघांना जिन्याने वर तिथपर्यंत सोडून आले.